वर चढणारी शिळा

मंगळवारी दिवेलागणीला देवीच्या सभामंडपात पाय ठेवायला जागा उरली नाही. अकोटाकडून माणसं ट्रॅक्टर भरभरून आली होती. चंदन महाराजांनी हात वर केला तसं त्यांच्या हाताखालच्या बंडूनं तिवईवरच्या पिवळ्या यंत्राचं बटण दाबलं. यंत्राचं डोकं गरगर फिरू लागलं आणि छातीएवढ्या उंच शिळेच्या माथ्याला चाटून एक लाल रेघ पूर्वेच्या भिंतीवर उमटली. भिंतीवर कुंकवाच्या खुणा होत्या, एकीवर एक, महिन्याला एक. रेघ सगळ्यांत वरच्या खुणेच्याही वर होती.

मंडपात हुंदके फुटले. देवी जमिनीतून वर येत होती.

"जपानची मशीन होय," महाराज म्हणाले. "जपानवाल्याले आपली देवी मालूम आहे काय? नाई. तरी मशीन कबूल करून राहिली. इज्ञानानं हात टेकले इथं." मग त्यांनी अंगठ्यानं कुंकवाची नवी खूण उठवली. शिळेवर कळशांमागून कळशा रिकाम्या होऊ लागल्या आणि ते पाणी मोरीतून पूर्वेच्या भिंतीच्या पायथ्याशी मुरत राहिलं.

गीतांजली दाराशी उभी होती. ती अमरावतीला इमारतींच्या कामावर इंजिनिअर होती आणि पातळी मोजायचं असलंच लेसर यंत्र ती रोज हाताळायची. पण तिचे डोळे यंत्राकडे नव्हते. खुणांच्या खाली, भिंतीला अगदी टेकून, तिची आई वच्छलाबाई बसली होती.

तीन महिन्यांपूर्वी, श्रावणात, तिथंच गीतांजलीचे वडील वामनराव गेले. ते माळी. रोज सकाळी स्वतःच्या मळ्यातली फुलं घेऊन यायचे. त्या दिवशी हार बांधत असताना भिंतीवरचा विटांचा कठडा त्यांच्या डोक्यावर कोसळला. आठ दिवसांत नवा कठडा उभा राहिला. महाराज घरी येऊन सांगून गेले की देवी वर येताना तिनं आपल्या फुलवाल्याला सोबत घेतलं, असं मरण भाग्यवंताला मिळतं. तेव्हापासून वच्छलाबाई सकाळी येऊन त्या जागी बसायची ती दिवस मावळेपर्यंत. गीतांजलीनं तिला अमरावतीला चल म्हणून विनवलं, रागावून पाहिलं, एकदा तर हाताला धरून ओढलंही. आई उठली नाही.

आज गीतांजली माणसांतून वाट काढत पुढे आली आणि महाराजांना म्हणाली की यंत्र तुमचंच राहू द्या, मला फक्त एकदा मोजू द्या.

महाराज हसले. देवीची परीक्षा घेणाऱ्याचं वाटोळं होतं, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"देवीची नाही, भिंतीची घ्यायची आहे," ती म्हणाली.

पुढच्या रांगेतली सुंदराबाई तोंडातली सुपारी गालात सारून बोलली, "मापू द्या ना महाराज. देवी काय मापल्यानं आटून जाईन?" चारजण हसले, आणि हसणाऱ्या माणसांपुढे महाराजांना नाही म्हणता आलं नाही.

गीतांजलीनं आधी तिवई पाहिली. एक पाय सतरंजीवर होता. तो उचलून तिनं उघड्या फरशीवर घेतला, तिन्ही पाय घट्ट रोवले, पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध आणला. उंची पहिल्यासारखी शिळेच्या माथ्याला लावली. यंत्र स्वतःला सावरून फिरू लागेपर्यंत ती थांबली. पूर्वेच्या भिंतीवर रेघेशी पेन्सिलीनं टिंब केलं, यंत्र अर्धं वळवून पुन्हा पाहिलं. रेघ त्याच टिंबावर. म्हणजे यंत्र खरं होतं.

"ही रेघ एका भिंतीवर पडत नाही," ती म्हणाली. "चारी भिंतींवर पडते, सारख्या उंचीवर. बाकीच्या तीन कुठं आहेत?"

बाकीच्या तिन्ही भिंतींवर लाल मखमली पडदे होते. लाल कापडावरची लाल रेघ वर्षभरात कुणाच्या डोळ्यांत भरली नव्हती. कुंकू देवीच्या समोरच्या भिंतीलाच लावायचं, अशी रीत. दुसरीकडे बघायचं कुणाला सुचलंच नाही.

तिनं पडदे सारले. मंडप बांधताना चारी भिंतींना कमरेएवढ्या उंचीवर निळा पट्टा मारला होता, एका पातळीत. पट्ट्यापासून रेघेपर्यंतचं अंतर तिनं टेपनं मोजलं आणि प्रत्येक वेळी टेप सुंदराबाईच्या हातात देऊन तिच्याकडून वाचून घेतलं. पश्चिमेला बेचाळीस सेंटिमीटर. दक्षिणेला बेचाळीस. उत्तरेला बेचाळीस. पूर्वेला एकोणपन्नास.

"शिळा वर आली असती," गीतांजली म्हणाली, "तर रेघ चारी भिंतींवर सारखीच चढली असती. तीन भिंती जागच्या जागी आहेत. शिळाही जागच्या जागी आहे. ही एक भिंत खाली जाऊन राहिली. तुमच्या खुणा तिच्यासंगं खाली गेल्या, म्हणून रेघ वर दिसते."

तिनं उत्तरेचा पडदा पूर्वेच्या कोपऱ्यापर्यंत ओढला. दोन भिंतींच्या सांध्यात वरून खालपर्यंत पुट्टी भरलेली होती. तिनं किल्लीनं खरवडलं तशी पुट्टी सुटून पडली आणि आत आख्खा पंजा जाईल एवढी भेग उघडी झाली.

महाराज म्हणाले, देवी येताना भुई दुभंगतेच. त्यांच्या बोलण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे बंडूकडे बघत होते. तो यंत्राशेजारी खाली मान घालून उभा होता.

"पाया दोनच फूट खोल आहे, ताई," तो म्हणाला. "महाराजांच्या साळ्यानं बांधलं. मी होतो कामावर. मुरूम लागेपर्यंत खोदाच लागते, काळ्या मातीत टिकत नाई, म्हणून मिस्त्री सांगत होता. भेगा पडल्या तवा मले सांगतलं, पुट्टी भर, पडदे लाव, अन् रेघ फक्त इकडंच दाखव."

पाणी पिऊन काळी माती लोण्यासारखी मऊ होते आणि वरचं ओझं तिच्यात रुतत जातं. वर्षभर रोज शेकडो कळशा तिथं मुरल्या होत्या. भिंत खचवायला गावाची भक्तीच कामाला लागली होती.

माणसं उठून बाहेर जाऊ लागली. वच्छलाबाई तशीच बसून होती. गीतांजली तिच्यासमोर उकिडवी बसली.

"मंग तुह्या बाबाले देवीनं नाई नेलं?" आईनं विचारलं.

"नाही, आई. ह्या भिंतीनं मारलं. अन् भेग माहीत असून ज्यांनी झाकली त्यांनी."

वच्छलाबाईनं भिंतीवरून हात फिरवला. कुंकू तळव्याला लागलं.

"मी रोज इथं बसून म्हणत होती," ती हळू म्हणाली, "मलेही ने."

तिला उठवायला वेळ लागला. ती आपल्या पायांनी चालत बाहेर गेली, पण लेकीच्या अंगावर सगळा भार टाकून.

दुसऱ्या दिवशी पंचायतीनं दाराला कुलूप घातलं. पोलिसांनी बंडूचा जबाब घेतला. तरी पुढच्या मंगळवारी काही बाया कुलपाबाहेर हात जोडून उभ्या राहिल्या, आणि त्यांना हसण्याचा हक्क कुणाला नाही, कारण त्यांना दाखवलेली रेघ खरी होती. खोटं दाखवावंच लागत नाही. खऱ्यातलं थोडं दाखवून उरलेलं झाकलं की पुरतं. म्हणून कुणी एका भिंतीवर चमत्कार दाखवला, तर नमस्कार मागाहून करा. आधी बाकीच्या तीन भिंतींवरचे पडदे उघडायला सांगा. वामनराव जिवंत असताना एवढं एकानं जरी विचारलं असतं, तर ते आज मळ्यात असते.