गिऱ्हाईक म्हणतंय

आमच्या ह्यांना सगळा बाजार कानसेन म्हणायचा. बेल्टवर फिरणारी जुनी वॉशिंग मशीन दुरुस्त करायचं आमचं दुकान, आणि हे मशीन उघडण्याआधी नुसतं चालू करून ऐकायचे. सुरू होताना चीं झालं, तर बेल्ट गुळगुळीत होऊन मोटरच्या पुलीवर घसरतोय. कपडे पिळताना घरघर वाढत गेली, तर ड्रमचं बेअरिंग संपलं. खुळखुळ आली, तर पंपात कुणाच्या तरी शर्टाचं बटण. निदान कधी चुकायचं नाही, आणि त्याचा तोरा तरी केवढा!

गेल्या दोनेक वर्षांत ह्यांना बारीक, टोकदार आवाज येईनासे झाले. आधी पाखरं गेली, मग दाराची बेल, मग बेल्टची चीं. जाड आवाज येत होते, म्हणून ह्यांच्या ते ध्यानातच आलं नाही. माझ्या आलं. डॉक्टरकडे चला म्हणायला जीभ रेटेना. कान गेला म्हटल्यावर ह्या माणसाकडे उरलं काय असतं? मग मी एक शक्कल काढली. मशीन ठेवून गिऱ्हाईक गेलं, की आधी मीच चालवून ऐकायची आणि ह्यांना मोठ्यानं सांगायची, "गिऱ्हाईक म्हणतंय, सुरू होताना चीं करतं." हे मान डोलवायचे, बेल्ट बदलायचे. दुकान चालत राहिलं.

त्या दिवशी मागच्या गल्लीतल्या टेलरबाई मशीनबरोबर स्वतःच आल्या आणि स्टुलावर ठाण मांडून बसल्या. मशीन बरेच महिने बंद पडून होतं. ह्यांनी बटण दाबलं आणि अशी चीं निघाली की बाईंनी कानांवर हात ठेवले. पाठोपाठ धडधड. बेल्ट फार दिवस एकाच जागी ताणून राहिला की त्याला बाक येतो, आणि पुलीवरून जाताना तो बाक दर फेरीला आपटतो. हे मला ह्यांनीच शिकवलेलं. पण हे झाकणावर हात ठेवून म्हणाले, "बेअरिंग गेलंय."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. परक्या माणसादेखत ह्यांना खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं, आणि मी मूग गिळून गप्प बसले.

ह्यांनी अख्खं मशीन खोललं. घामानं शर्ट पाठीला चिकटला. शेवटी बेअरिंग हातात आलं, तेव्हा ते बोटावर फिरवून बघितलं. लोण्यासारखं फिरलं. पुन्हा फिरवलं. मग बाकावर टेकले.

"अगं, बेल्ट ओरडत होता का?"

"हो."

"तुला ऐकू आला?"

"हो."

"म्हणजे इतके दिवस गिऱ्हाईक म्हणत होतं, ते..." मी फडक्याची घडी घालत बसले.

"काय हो, काय निघालं?" बाईंनी विचारलं.

मी लगबगीनं म्हणाले, "बेअरिंगच जरासं—"

"बेल्ट होता, बाई," हे मध्येच म्हणाले. "मशीन उगाच खोललं. मला बारीक आवाज येत नाहीत आता." इतकं सरळ सांगितलं की मलाच मान वर करवेना.

नवा बेल्ट चढवला, सगळं जागच्या जागी बसवलं, बटण दाबलं. मशीन शांतपणे फिरायला लागलं.

"आता?" ह्यांनी मला विचारलं.

"आता काहीच आवाज नाही. छान चाललंय."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग स्टुलाकडे वळले.

"बाई, तुम्ही सांगा. येतोय का आवाज?"