जिंकलेली गाडी धुवायची नाही

आमच्या कंपनीचा एक नियम आहे: रॅली जिंकून आलेली गाडी धुवायची नाही. आली तशी, चिखलासकट, दालनात उभी करायची. हरलेली गाडी मात्र लख्ख धुऊन मागच्या गोदामात. त्यामुळे आमच्या संग्रहालयात घाणेरड्या गाड्यांसमोर लोक आवाज खाली करून बोलतात आणि चकचकीत गाड्यांत उंदीर संसार थाटतात.

माझी नोकरी चिखल सांभाळण्याची. मऊ कुंचल्यानं धूळ झटकायची, माती नाही. हा फरक मला शिकवण्यात आला. लग्नाच्या बाजारात तो मला कुणालाच समजावता आला नाही.

नियम संस्थापकांपासूनचा. तेव्हा कंपनी शिलाई मशिनं बनवायची. पहिली मोटार तयार झाली, ती गिऱ्हाइकाला पोचवायला संस्थापक स्वतः निघाले, धुक्यात वाट चुकले आणि एका रॅलीच्या मधोमध घुसले. मागून सगळे हॉर्न वाजवताहेत म्हणून घाबरून पळत सुटले ते थेट पहिले आले. गिऱ्हाइकानं माखलेली गाडी घेतली नाही. संस्थापकांनी रागारागानं ती तशीच दुकानाच्या काचेमागे ठेवली, तर सकाळी दारात रांग. काहींना चिखलही हवा होता, शक्यतो मूळ. त्या दिवसापासून आम्ही रॅलीवाले झालो. शिलाई मशिनं बंद पडली, पण आमची इंजिनं अजून कुणाचा तरी सदरा शिवत असल्यासारखी टकटकतात.

माझे काका याच कंपनीचे ड्रायव्हर, आणि काकू शेजारी बसून वाट सांगणारी. रॅलीत ड्रायव्हरला पुढचं वळण दिसत नसतं. ते येण्याआधीच शेजारच्यानं सांगायचं असतं. दोघं वर्षानुवर्षं हरत होते. हरले की काका मुकाट्यानं पाइप उचलायचे आणि गाडी धुवायचे. मग एका वर्षी जिंकले. लोकांनी काकूला खांद्यावर घेऊन कारखान्याला फेरी मारली, आणि परत येऊन बघतात तो काय, काकांनी सवयीनं गाडी धुऊन काढलेली. पायाखालच्या रबरी चटयासुद्धा.

चषक दालनात गेला, गाडी गोदामात.  घरात तेव्हापासून काकू काकांना नळाजवळ उभं राहू देत नाही, एवढंच.

आता गोदाम रिकामं करायचं ठरलं. धुतलेल्या गाड्या ट्रकमधून भट्टीत जाणार होत्या. ट्रक फाटकाशी येऊन थांबला त्या सकाळी काका-काकू हेल्मेटं घेऊनच संग्रहालयात हजर झाले.

“आमची गाडी दालनात लावा,” काकू म्हणाली.

संग्रहालयाच्या मॅडम नियमाच्या पक्क्या. त्या स्वतःच्या कपातला चहासुद्धा पावती बघून पितात. “लावते की,” त्या म्हणाल्या. “चिखल कुठाय?”

“यांना विचारा,” काकूनं काकांकडे बोट केलं. काका छताकडे बघू लागले.

“काकू, माझ्याकडे झडलेल्या मातीच्या बरण्या आहेत,” मी हळूच म्हणालो. “थोडी थोडी सगळ्यांची घेऊन…”

“दुसऱ्यांची माती लावून मिरवू? शोभतं का तुला हे?” काकू कडाडली. मग मॅडमना म्हणाली, “शेवटचा टप्पा वरच्या खाणीपासून सुरू व्हायचा आणि इथंच, या दारात संपायचा. रस्ता तोच, गाडी तीच, माणसं तीच. आम्ही तो पुन्हा करून येतो. मग तुम्ही ठरवा.”

“दुपारी पाहुणे आहेत,” मॅडम म्हणाल्या. “त्याआधी या. नाहीतर ट्रक तुमच्यासाठी थांबणार नाही.”

मी मागे जादा चाकावर बसलो. खाणीपाशी पोचलो तर धुकं इतकं दाट की बॉनेटचं टोकसुद्धा ऐकीव माहितीवर सोडून द्यावं लागत होतं.

“अहो, पट्टा नीट लावा,” काकू म्हणाली. मग तिनं हेल्मेट चढवलं, डोळे मिटले आणि म्हणाली, “चल रे!” हेल्मेटमध्ये काकू ‘अहो’ म्हणत नाही. वळणावर तेवढा वेळ नसतो.

“उजवं, लांब, सुटतं. डावं, आखूड, झाड आत.”

वळणं लिहून ठेवलेल्या वह्या केव्हाच्या गेल्या होत्या. रस्ता तिच्या पापण्यांच्या आतल्या बाजूला होता. बाहेर मात्र तो पार बदललेला. झाडाच्या जागी बाग होती आणि बागेत बाकावर एक म्हातारे पेपर वाचत होते. त्यांनी आम्हाला जायला पाय वर घेतले आणि पान उलटलं.

“उंचवटा! उडी!”

तिथं आता शाळेसमोरचा गतिरोधक आहे. काकांनी पाय दाबला आणि गाडी उडाली. उडाली ती उडालीच. खाली कौलं, गच्च्या, वाळत घातलेल्या चादरी संथपणे सरकत होत्या. इंजिन लांब कुठंतरी शिवत होतं. मला वाटलं, आता उतरायचं कुणालाच आठवत नाहीये. काकांनी एक हात सोडून काकूचा हात धरला.

“दोन्ही हात चाकावर,” काकू म्हणाली, आणि आम्ही टेकलो.

“आता पाणी. ओढा. सरळ जा, पाय काढू नकोस!”

ओढ्याच्या जागी गाड्या धुण्याचं केंद्र होतं. काकांना ते दिसलं, मला दिसलं. काकूचे डोळे मिटलेले. सरळ म्हणजे सरळ. तिच्या शब्दाबाहेर काकांनी गाडी कधी नेली नव्हती, आजही नाही. निळे, दांडगे ब्रश धुक्यातून पुढे आले आणि त्यांनी आम्हाला कवेत घेतलं. काचांवरून फेस उतरू लागला. आत सगळं मोत्यासारखं उजळलं, फार शांत झालं.

“अगं,” काका रडवेले झाले, “गाडी धुतायत गं. पुन्हा.”

“मी पाणी म्हटलं, पाणी आलं,” काकू म्हणाली. “वाट बरोबर आहे. पुढे डावं.”

बाहेर एका मुलीनं खिडकीवर टकटक करून विचारलं, “पॉलिश?”

“करा,” काका म्हणाले. घाबरलेला माणूस नाही कसं म्हणणार?

दालनाच्या दारातून आत शिरलो तेव्हा गाडी आरशासारखी चमकत होती. मॅडमना तिच्यात स्वतःचा चेहरा दिसला आणि तो त्यांना आवडला नाही.

“ही तर धुतलीय!”

काकूनं हेल्मेटची काच वर केली. “शर्यत चालू असताना जे होतं ते रस्त्याचं. पाऊस असो नाहीतर ब्रश. नियम काय आहे? जिंकून *आल्यावर* धुवायची नाही. आल्यापासून कुणी बोट लावलंय?”

“पण हरवलंत कुणाला?”

“मागे बघा की कोण येतंय.”

मॅडम खरंच दाराशी गेल्या. आम्ही सगळे बघत राहिलो. धुकं होतं, ट्रक होता, ट्रकवाला सफरचंद खात होता. मॅडमनी दुसऱ्या क्रमांकाची बराच वेळ, अगदी न्यायानं, वाट पाहिली. कुणी आलं नाही.

“या रांगेत लावा,” त्या शेवटी म्हणाल्या, आणि ट्रकवाल्याला हातानं ‘जा’ केलं.

गाडी मागे घ्यायला काकांनी मान वळवली. “अगं, मला मागचं काही दिसत नाही.”

“मी आहे ना. थोडं उजवं. खांब आत. अजून… अजून. थांब.”

इंजिन बंद झालं. दोघांपैकी कुणीच उतरेना. मी एकदा “काका?” म्हणून पाहिलं, मग मागच्या बाजूनं, काही न पुसता, बाहेर पडलो.

दुपारी पाहुणे आले. एक बाई गाडीपाशी बराच वेळ रेंगाळल्या, मग त्यांनी आत बसलेल्या दोघांकडे वाकून बघितलं आणि मला विचारलं, “हे पुतळे कशाचे केलेत हो?”

“कल्पना नाही,” मी म्हणालो. “आजच आलेत.”