गोड पुडीची दोन मिनिटं

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर गोडगुरू एका मधुमेही शिंप्याला पांढरी पूड चमच्याने भरवत होते.

"कशी लागते, काका?"

"साखरेसारखी."

"जिभेला साखर, रक्ताला पाणी! धान्य सोडा, ही खा, सुई फेकून द्या. माझ्या साधनेपुढं इन्सुलिन म्हणजे किस झाड की पत्ती."

दोन मिनिटांनी शिंप्याच्या बोटातून थेंब काढला. साखर आधी १८२, आता १८३. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी दोन्ही आकडे वहीत टिपले आणि पळालो. पान छपाईला सुटायची वेळ झाली होती. सकाळी माझी बातमी पहिल्या पानावर होती.

नवव्या दिवशी माझ्या मधुमेही ताईला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात नेलं. तिची मुलगी तिथेच प्रयोगशाळेत काम करते.

"आईनं सुई बंद केली होती, मामा. पूड मात्र रोज पाच चमचे."

"मी आकडे स्वतः पाहिले होते गं."

"किती वेळ थांबलास?"

तिने ताईच्या डब्यातली पाच चमचे पूड पाण्यात ढवळली.

"पी. आणि आता उठायचं नाही. पान गेलं खड्ड्यात."

आधी माझी साखर ९१ होती. दोन मिनिटांनी ९२. अर्ध्या तासाने १४६.

"हे निव्वळ ग्लुकोज आहे," ती म्हणाली. "पोटातून रक्तात उतरायला त्याला वेळ लागतो. तेवढ्यात गुरूचा खेळ आटोपतो. साखरेचे खरे पर्याय रक्तातली साखर फारशी वाढवत नाहीत, हे लोकांनी ऐकलेलं असतं. त्यावर त्यानं दुकान थाटलं. पण पूड खरी असती, तरी आईला इन्सुलिन लागलंच असतं. धान्य सोडून ते सुटत नाही."

तिसऱ्या दिवशी ताईने डोळे उघडले.

"तू लिहिलं होतंस ना, मग डॉक्टरांना कशाला विचारू?" ती म्हणाली. आवाजात रागाचा लवलेश नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं.

म्हणून हे त्याच पानावर, त्याच जागी लिहितो आहे. फसवलं गुरूने, पण ती फसवणूक घरोघरी मी पोहोचवली. माझ्या बातमीचं कात्रण कुणी जपून ठेवलं असेल, तर फाडून टाका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई थांबवू नका, छापून आलं असलं तरीही. आणि कुणी चमत्कार दाखवलाच, तर टाळ्या वाजवण्याआधी तासभर बसा आणि पुन्हा मोजा. मी बसलो नाही.