हिरव्या काचेपायी

काचेची भट्टी एकदा पेटली की विझू द्यायची नसते. विझली तर आतली काच थिजते आणि भट्टीच्या पोटाला तडे जातात. एवढं भट्टीवाल्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं. पण कोळसा भिंतीपलीकडे येऊन उभा असताना भट्टी विझायला लागली तर काय करायचं, हे शिकवायचं बिचाऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

कोळशाची मालगाडी कारखान्याच्या भिंतीला खेटून, बाजूच्या रुळावर ठाण मांडून बसली होती. सिग्नलची हिरवी काच फुटलेली, आणि हिरवा दिवा दिसल्याखेरीज मालगाडी हलत नाही. मुख्य रुळावरून प्रवासी गाड्या तिला वाकुल्या दाखवत जायच्या. गाडी इतकी मुरली की इंजिनाच्या धुराड्यात चिमण्यांच्या नातवंडांनी संसार थाटला. गार्डाच्या बायकोने रुळालगत दुधी लावला होता. त्याचा वेल डब्यांच्या कड्यांना वेटोळे घालत भिंतीवर चढला आणि भट्टीवाल्याच्या अंगणातल्या झाडाला मिठी मारून बसला.

हिच्यामागे सिमेंटची गाडी अडली, सिमेंटमागे खताची. शेतात पीक उभं राहिलं, खत अजून वाटेतच. इकडे बाटल्या मिळेनात म्हणून औषधवाला गिऱ्हाइकाच्या ओंजळीतच औषध ओतू लागला आणि ओंजळीला बाटलीच्या दुप्पट भाव लावू लागला.

भट्टीवाल्याने स्टेशनात खेटे घालून चपला झिजवल्या. हिरवा झेंडा दाखवा म्हटलं, तर झेंडा प्रवासी गाड्यांचा. कोळसा इथंच उतरवू द्या म्हटलं, तर तो आधी मोठ्या यार्डात जाणार, तिथे डबे वेगळे होणार आणि मग याच भिंतीवरून उलटा परत येणार. शेवटी तो म्हणाला, काच तरी बसवा की हो.

"मागवलीय ना," स्टेशनमास्तर म्हणाले.

"कुणाकडे?"

"तुमच्याकडेच. उशीर तुम्हीच लावताय, मामा."

भट्टीवाला कपाळावर हात मारत घरी आला आणि त्याने पलंग भट्टीत घातला. मग कपाट, मग पाळणा. घराचं दार काढलं तेव्हा बायकोने विचारलं की आता मलाही घालणार का. त्यावर तो जरा वेळ विचारात पडला, असं ती अजून सांगते.

त्या आचेवर एकच काच निघाली, हिरवीगार. त्याने स्वतः शिडी लावून ती बसवली. दिवा हिरवा झाला. ड्रायव्हरला कुठल्या दिशेने जायचं तेच आठवेना, ते सांगावं लागलं. मग चिमण्यांना उडवत इंजिन फुसफुसलं.

"अहो, आपला कोळसा चालला," बायको म्हणाली.

एवढ्यात वेल ताणला गेला. तो आता मनगटाएवढा जाड झाला होता. त्याने झाड सोडलं नाही, डब्यांच्या कड्या मात्र ओढून काढल्या. दारं उघडली आणि कोळशाचा लोंढा भिंत पाडून थेट भट्टीच्या तोंडाशी आला. गार्ड खिडकीतून बोंबलत होता, पण ते दुध्यांसाठी.

दुपारी मास्तर आले. कोळसा बेकायदा उतरलाय, तो पुढच्या गाडीत भरून यार्डात पाठवा, मग रीतसर परत मिळेल, असं त्यांनी ऐकवलं.

भट्टी धडधडत होती.

"दार उघडंच आहे, मास्तर," बायको म्हणाली. "आत या, आणि तुमचा कोळसा ओळखून घेऊन जा."

मास्तर भट्टीत डोकावले, घाम पुसत मागे सरले. मग जरा नरमाईने म्हणाले, "भट्टी पेटलीच आहे तर बघा ना, मामा. लाल काचेलाही तडा गेलाय."

"ती राहू द्या," भट्टीवाला म्हणाला.