दुसरी सही

"अण्णा, वही द्या की इकडं," आकाराम तिसऱ्यांदा म्हणाला. जयपालनं दिली नाही. गगनबावड्याच्या घाटात वळणावरच्या कठड्याला टेकून तो एकच पान उघडून बसला होता.

आठ वर्षं झाली, ऑक्टोबरातला एक शनिवार-रविवार ही मंडळी फुलपाखरं बघायला इथं यायची. कोडोलीच्या शाळेतला मास्तर आकाराम, दवाखान्यात नर्स असलेली संयोगिता आणि इचलकरंजीचे जयपाल-त्रिशला. जयपाल यंत्रमाग दुरुस्त करणारा जॉबर. मागांच्या खडखडाटात कान अर्धे गेलेले, नजर मात्र शाबूत, आणि माणूस नियमाला भलताच कडक. फुलपाखरांच्या नोंदवहीचा नियमही त्याचाच. फुलपाखरू दोघांनी पाहिलं आणि दोघांनी सह्या केल्या, तरच ती नोंद.

गेल्या वर्षी त्रिशलाला बर्डविंग दिसलं. तळहातापेक्षा मोठं, काळं-पिवळं. त्यासाठीच तर बाई दरवर्षी हा घाट चढायची.

"अवो, या की लवकर!" तिनं वळणावरून हाक मारली. बाकी दोघं तेव्हा लांब खाली उतरली होती.

जैन रिवाजाप्रमाणं दिवस मावळायच्या आत जेवून घ्यावं म्हणून जयपाल नुकताच डबा उघडून बसला होता. भरल्या पानावरून उठायचं नाही, ही त्यांच्या घरची शिस्त. "आलो, आलो," म्हणत या गृहस्थानं शेवटचा घास संपवला. तो पोचेपर्यंत झाडीत काहीच उरलं नव्हतं. त्रिशला तिथंच बघत राहिली, दिवस मावळला आणि ती उपाशीच राहिली. खोलीवर आल्यावर तिनं नोंद लिहिली, सही केली आणि वही त्याच्यापुढं सरकवली.

"मी बघितलं न्हाय. सही कशी करू?"

"मी सांगतीया की. माझ्यावर इस्वास न्हाय व्हय?"

"इस्वासाचं न्हाय गं. नियम हाय."

तिनं वही मिटून पिशवीत टाकली. फेब्रुवारीत एका सकाळी छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपली. यंदा जयपाल येणारच नव्हता, संयोगितानं हट्टानं आणलं होतं. आठ महिने त्याला एकच गोष्ट आतून खात होती. बायकोनं जन्मात एकदा शब्दावर विश्वास मागितला आणि आपण तिला नियम ऐकवला.

"पेन दे," तो आकारामला म्हणाला.

"कशाला?"

"ह्या नोंदीवर सही ऱ्हायल्या माझी."

"पर अण्णा, तुमी बघितलंच कुटं?"

संयोगितानं त्याला डोळ्यांनी दटावलं. पण जयपाल सांगायला लागला होता.

"बघितलंतं की. लांबनं बघितलं. ती टाचा उचलून हुभी हुती. पदर काट्यात अडकलाता, तिचं ध्यानच न्हवतं. तोंडावर हात ठिवून हसत हुती, ल्हान पोरीगत. एवढी खूश मी तिला कवाच बघितली न्हवती. आनि मी भाकरी मोडत बसलोतो."

आकारामनं मुकाट्यानं पेन पुढं केलं. जयपालनं तिच्या सहीशेजारी जपून आपली सही केली आणि तारखेपाशी हात थांबला.

"तारीख आजची घाला," संयोगिता हळूच म्हणाली.

"गेल्या सालचीच घालतो," जयपाल म्हणाला. "तवा ती हुती."