हॉर्नबरीच्या बाजारात पप्पा

मला पप्पांना जे सांगायचं होतं ते घरात सांगणं शक्य नव्हतं. इंग्लंडमधलं माझं घर म्हणजे एकच खोली, तिच्यातच ओटा आणि तिच्यातच पलंग. तिथे अशी बातमी दिली तर दोघांनाही तोंड लपवायला जागा नाही. म्हणून मी दोन रात्रींची ट्रिप काढली. हॉर्नबरी नावाचं जुनं गाव, किल्ला, चर्च, नदी, आणि दर शनिवारी भर चौकात भरणारा बाजार. सातशे वर्षं भरतोय असं वेबसाइटवर लिहिलेलं. मी पप्पांना तेवढंच वाचून दाखवलं आणि ते लगेच बॅग भरायला लागले.

पप्पा म्हणजे दौलतशेठ. कल्याणच्या मार्केटात त्यांचा फ्लॉवर-कोबीचा गाळा आहे. सतराव्या वर्षी जुन्नरहून आले, आज चौसष्टचे आहेत. आई चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरी ते एकटे आणि गाळ्यावर ते नि माझा चुलतभाऊ संदेश. मी फिजिओथेरपी शिकायला इकडे आले ती दोन वर्षांत परत येते असं सांगून. त्या भरवशावर पप्पांनी सगळं ठरवून टाकलं. दसऱ्याला गाळा संदेशला द्यायचा, ठाण्याजवळ बाळकुमला फ्लॅट घेतलाय तिथे मी आणि त्यांनी राहायचं, आणि मी ठाण्यातल्या एखाद्या हॉस्पिटलात लागायचं. बाळकुम का, तर तिथून मला सगळं जवळ पडेल. त्यांना स्वतःला तिथून काय जवळ पडणार, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

आणि मी जुलैमध्ये इथल्या हॉस्पिटलात कायमची नोकरी घेतली होती. सही करून दोन महिने झालेले. पप्पा रोज फोनवर फ्लॅटचं काम कुठवर आलं ते सांगायचे आणि मी हं हं करायचे. आता पप्पा तीन आठवड्यांपासून माझ्याकडेच राहायला आले होते, आणि या सोमवारी संदेश गाळ्याचे कागद पुरे करायला वकिलाकडे जाणार होता. पप्पांच्या सह्या निघण्याआधीच झाल्या होत्या, त्यांनी फोनवर हो म्हणायचा अवकाश. म्हणजे मी तोवर बोलले नाही तर पप्पांचा गाळाही जाणार आणि मुलगीही. हे मला लख्ख दिसत होतं, तरी तोंड उघडत नव्हतं. दुसऱ्यावर डाफरायला मला निमित्त लागत नाही, पण स्वतःची चूक सांगायची वेळ आली की दातखीळ बसते.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पोचलो. आम्ही उतरलो त्या घराची मालकीण सुझाना नावाची गुबगुबीत बाई होती. तिने खोल्या दाखवल्या, किल्ल्या दिल्या, सकाळी नाश्ता आठला म्हणून सांगितलं. पप्पांनी मला विचारायला लावलं की बाजार किती वाजता उघडतो. नऊला, म्हणाली. पप्पांचा विश्वासच बसेना. नऊला कल्याणच्या मार्केटात झाडू मारतात. ते उभा जन्म रात्री दोनला उठलेत. बाई थट्टा करतेय किंवा मी चुकीचं विचारलंय, असं त्यांचं मत पडलं.

त्यामुळे शनिवारी मी आठला खाली आले तेव्हा पप्पा खोलीत नव्हतेच. चौकात सापडले. स्वेटर, मफलर, माकडटोपी आणि हात मागे बांधलेले. साडेसहापासून तिथे उभे होते म्हणे. एका म्हाताऱ्याने दोनदा येऊन हरवलात का असं विचारलं, त्याला त्यांनी दोन्ही वेळा 'मार्केट, मार्केट' एवढंच सांगितलं. आता कुठे व्हॅन येत होत्या, लोखंडी सांगाडे उभे राहत होते, त्यांवर पट्ट्यापट्ट्यांची कापडं चढत होती. मोजून तीस दुकानं. चीज, मेणबत्त्या, जुनी पुस्तकं, कुत्र्यांची बिस्किटं. सातशे वर्षांच्या मानाने पप्पांना हे फारच कमी वाटलं. ठाण्याला टेंभी नाक्याच्या नवरात्रात चपलांपाशी याहून जास्त माणसं उभी असतात, म्हणाले. मी म्हटलं, पप्पा, हे असंच असतं, छान छान बघायचं. त्यावर त्यांनी मान हलवली, पण चेहरा काही हलला नाही.

भाजीचं दुकान एकच होतं. मालक साठीचा, लालबुंद गालांचा, कमरेला एप्रन बांधलेला. माल मांडून नुकताच हात झटकत होता. मी स्ट्रॉबेरीचा भाव विचारला, महाग वाटला, नुसतं बघतेय म्हणून हसले आणि पुढे गेले. चार पावलांनी लक्षात आलं की पप्पा बरोबर नाहीत. ते तिथेच थांबले होते आणि माझ्याकडे असे बघत होते, जणू मी देवळात चप्पल घालून शिरले होते.

"त्याची बोहनी झाली का?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, इथे तसलं काही नसतं. ते म्हणाले, पोट आहे ना त्याला, मग असणारच. पहिलं गिऱ्हाईक भाव विचारून पाठ फिरवून गेलं तर त्या माणसाचा अख्खा दिवस कसा जातो, हे तुला गाळ्यावर बसवून शिकवायला हवं होतं. हे सगळं मराठीत आणि मोठ्याने. मग त्यांनी फ्लॉवरकडे बोट केलं. दुकानदाराने एक उचलून पुढे धरला. पप्पांनी मान हलवली आणि दोन्ही हातांनी अख्खं क्रेट दाखवलं. सत्तेचाळीस वर्षांत पप्पांनी सुटा फ्लॉवर विकत घेतलेला नाही. त्यांना तसा घेता येतच नाही. आई असताना घरची भाजी ती नाक्यावरून आणायची, कारण यांना सांगितलं तर गोणी यायची.

दुकानदाराने खुशीत क्रेट पुढे सरकवलं. आणि पप्पांनी ते, मी मध्ये पडायच्या आत, उचलून त्याच्याच फळीवर पालथं केलं.

कल्याणला घेणारा माणूस हेच करतो. वरचा थर दाखवायचा असतो, खरा माल खाली. पलटी मारल्याशिवाय कोणी डाग, म्हणजे क्रेट किंवा गोणी, उचलत नाही, आणि विकणाऱ्यालाही त्यात काही वाटत नाही. पण हॉर्नबरीत सातशे वर्षांत असं कोणी केलं नसावं. आठ फ्लॉवर घरंगळले, एक फळीखाली गेला, मेणबत्त्यावाली बाई तोंडावर हात धरून उभी राहिली. मी सॉरी, सॉरी करत सुटले. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं. पप्पा मात्र उकिडवे बसून एकेक फ्लॉवर उचलत होते, दांडा बघत होते, अंगठ्याने दाबत होते, वास घेत होते. आठही बघून झाले. मग उठले, क्रेट नीट भरलं, आणि दुकानदाराला हात जोडून मला म्हणाले, सांग त्याला, माल वरपासून खालपर्यंत एक आहे.

मी सांगितलं. हे कोण, काय करतात, तेही सांगितलं. दुकानदार फळीला वळसा घालून बाहेर आला आणि पप्पांचा हात हातात घेऊन गदगदा हलवला. त्याचं नाव ट्रेव्हर. त्याचा बाप आणि आजा याच जागेवर बसायचे. नोटा मी पुढे केल्या तर पप्पांनी त्या माझ्या हातातून काढून स्वतः दिल्या, बोहनी आपल्या हातची असावी म्हणून.

पुढचा दीड तास पप्पा फळीच्या आतल्या बाजूला होते. ट्रेव्हरला मराठी येत नाही, पप्पांना इंग्रजी भाजीपुरतंच, तरी दोघांचं अडलं नाही. पप्पांनी कोबीची मांडणी मोडून पुन्हा लावली. गाजरांवर पाण्याचा हबका मारला. एका आजीबाईला त्यांनी बोटाच्या खुणेने दुसरा फ्लॉवर घ्यायला लावला आणि तिने घेतला. मी कॉफी घेऊन समोरच्या पायरीवर बसून बघत होते. तीन आठवडे हा माणूस माझ्या खोलीत पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला होता, दिवा लावू का विचारून दिवा लावत होता. आज पहिल्यांदा त्यांचे हात मागे बांधलेले नव्हते. बाळकुमच्या चौदाव्या मजल्यावर ते काय करणार होते? खाडी बघणार होते. माझ्यासाठी. मला स्वतःची इतकी लाज वाटली की कॉफी तशीच ठेवून दिली.

मग आम्ही ऐतिहासिक गाव बघायला निघालो, आठ फ्लॉवर घेऊन. क्रेट खोलीवर ठेवून येऊ म्हटलं तर नाही म्हणाले, वाटून टाकू, ताजा आहे. किल्ल्याच्या तिकिटाच्या खिडकीवर एक दिला. चर्चमध्ये पितळ घासणाऱ्या बाईला एक. बुरुजावर चढताना क्रेट खांद्यावर, आणि वर पोचल्यावर त्यांनी दरीतली हिरवी शेतं बघून विचारलं की इथे पाणी विहिरीचं की पाटाचं. पुस्तकवाल्याला एक दिला, त्याने बदल्यात पप्पांना पक्ष्यांच्या चित्रांचं पुस्तक दिलं. दोन वाजेपर्यंत गावातली निम्मी माणसं पप्पांना हात करत होती. उरलेले सुझानासाठी ठेवून आम्ही नदीकाठच्या बाकावर टेकलो.

तीन वाजले होते. कल्याणला साडेसात, म्हणजे संदेश अजून जागा असणार. पप्पा खुशीत होते, पाय पसरून बसले होते. याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती, पण मला कळलं की आज नाही तर मी कधीच बोलणार नाही.

"पप्पा, मी परत येत नाहीये. मी इथे कायमची नोकरी घेतलीय."

त्यांनी पाय जवळ घेतले.

"कधी?"

"जुलैमध्ये."

मग म्हणाले, "म्हणजे मी किचनच्या टाइल्सचे फोटो पाठवले, त्याच्या आधी."

"हो."

"तू त्यातल्या पिवळ्या पसंत केल्यास."

"हो."

मी खूप काही बोलायचं ठरवलं होतं. इथलं काम, पुढची संधी, वर्षातून दोनदा येईन. त्या पिवळ्या टाइल्सपुढे त्यातलं एकही वाक्य उभं राहिना. पप्पा चिडले असते तर बरं झालं असतं, चिडलेल्या माणसाशी मला भांडता येतं. ते हळू आवाजात म्हणाले, "गारपीट झाली की शेतकरी येऊन सांगतो, शेठ, खालचे दोन थर गेलेत. मी घेतो त्याचा माल. एकालाही परत नाही पाठवलं आजवर. मग तू मला का नाही सांगितलंस, संचू?"

"तुम्ही एकटे पडाल म्हणून."

"ते पडणारच होतो. पण तू सांगितलं नसतंस तर मी गाळाही सोडून बसलो असतो."

मी मान खाली घातली. सॉरी म्हणायची हिंमत होईना. सकाळपासून तो शब्द मी फ्लॉवरसाठी वापरून संपवला होता. पप्पांनी स्वेटरच्या खिशातून फोन काढला, लांब धरून नंबर शोधला आणि संदेशला लावला. त्यांना ऐकू यावं म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो.

सोमवारचं वकिलाचं राहू दे, त्यांनी सांगितलं. संदेश गोंधळला. आपलं काही चुकलं का, असं त्याने दोनदा विचारलं. पप्पा म्हणाले, तुझं काही नाही, अर्धा गाळा तुझ्या नावावर करू, पण उरलेल्या अर्ध्यात मी बसणार. संदेशचा आवाज मोकळा झाला. मग त्याने साहजिकच विचारलं, "पण काका, ताई येणार ना दसऱ्याला? फ्लॅटचं काय?"

मी डोळे मिटून घेतले. आता हे कल्याणला कळणार, तिथून जुन्नरला, दिवाळीपर्यंत साऱ्या भावकीत, की पोरीने बापाला दोन महिने फसवलं. आणि ते खरंच होतं.

"अरे, ती यायला निघालीच होती," पप्पा म्हणाले. "मीच नको म्हटलं. चांगलं हॉस्पिटल आहे, चांगली माणसं आहेत, मी स्वतः बघून आलो. म्हटलं, तू इथेच राहा. ती ऐकत नव्हती, मी ऐकवलं. घरात सगळ्यांना असंच सांग."

माझ्या पप्पांना कोणाशी खोटं बोलताना मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. आवाज मात्र गाळ्यावर भाव सांगतात तसा, जराही न अडखळता येत होता. मी तोंडाला ओढणी लावून रडायला लागले. फोन ठेवून त्यांनी मफलरने डोळे टिपले, स्वतःचे, आणि पलीकडच्या काठावरून हात करणाऱ्या पुस्तकवाल्याला हात केला.

"रडू नकोस," ते म्हणाले. "इथे मला लोक ओळखतात."