चव्वेचाळीसचं फिन

"फिन मोठं झालंय," गुडघाभर पाण्यातून फळी ओढत शेपूट आला आणि पहिलं वाक्य हेच बोलला.

"मागच्या आठवड्यात मापाचं होतं. फिन म्हणजे काय भोपळा आहे, वेलीवर फुगायला?" फिनबाईने फळी पालथी केली आणि मागच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

"मी सांगतोय ना. वारा जरा भरला की फळी सुटते. नाक वर, मी खाली. नुसता तिची मनधरणी करतोय, बाई गं, टेक जरा पाण्याला."

"आधी तुम्ही टेका. किती तो दम."

"वय झालं."

"वय काय एकट्या तुमचंच होतंय?"

शेपूट आठवडाभर शहराची बस चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी शिडाची फळी. बस वेळेवर पोचायची, फळी कधीच नाही. पाण्यात तरंगत्या खुणांना, बोयांना, वळसे घालत वाऱ्याच्या वेगाने पळायची ती शर्यत, आणि तिच्यात तो शेवटून पहिला नाहीतर शेवटून दुसरा. म्हणून अख्खा क्लब त्याला शेपूट म्हणायचा. त्याला त्याचं काही वाटत नसे. "फिन शेपटालाच बसवतात," तो म्हणायचा, "नाकाला बसवलेलं कोणी पाहिलंय का?" त्याच क्लबच्या साहित्यखोलीचा कारभार त्याच्या बायकोकडे होता. शिडं, डोलकाठ्या, दोऱ्या आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेली फिनं. म्हणून ती फिनबाई. तिचं खरं नाव बहुधा फक्त पगाराच्या दिवशी कोणाला तरी आठवत असेल.

फिन म्हणजे फळीच्या शेपटाखाली पाण्यात उभं राहणारं पातं. शीड वारा धरतं, फिन पाणी धरतं आणि दोघांच्या ओढाताणीत मध्ये माणूस. फिन गरजेपेक्षा मोठं लावलं तर फळी पाणी सोडून उडू बघते. छोटं लावलं तर शेपूट घसरतं आणि माणूस तोंडावर आपटतो. किती लांबीचं लावायचं ते तीन गोष्टींवर ठरतं: वारा, शीड आणि माणसाचं वजन. वारा रोज वेगळा. शीड आपण बदलावं तसं. आणि वजन? फिनबाईच्या हिशेबात नवऱ्याचं वजन म्हणजे घराची भिंत. चौऱ्याऐंशी किलो. लग्नाआधी एकदा विचारलं होतं, पुन्हा कशाला विचारायचं? भिंतीला कोणी रोज माप लावत नाही. चौऱ्याऐंशीला चव्वेचाळीस सेंटीमीटरचं फिन, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

मग चूक दुसरीकडे कुठेतरी असणार. तिने डोलकाठीचा पाया बोटभर पुढे सरकवला, नाक दबून राहावं म्हणून. पायपट्टे एक भोक आत घेतले. फिनाची कड पाण्यात भिजवलेल्या बारीक कागदाने घासून घासून अशी केली, की नख आपोआप घसरावं. तरी त्याची तक्रार तीच. शेवटी थंडी संपता संपता तिने नाक मुरडत चव्वेचाळीस उतरवलं आणि बेचाळीस लावलं.

"आता बघा. यानंतर तक्रार केलीत तर चमचा लावून देईन."

आणि फळी शहाण्यासारखी पळायला लागली.

शाळांना सुट्ट्या लागल्या तेव्हा बेचाळीसही मोठं झालं. तिने चाळीस लावलं, शीडही एक माप कमी केलं. त्याच सुट्टीत एके दिवशी वारा इतका मरतुकडा होता, की दणकट गडी आपापल्या फळ्यांवर बुडबुडत उभे राहिले आणि शेपूट त्यांच्या मधून सुळकन निघून गेला. पहिल्या बोयाला वळला, दुसऱ्याला वळला आणि तिसरा आला. पुढून तिसरा.

भोंगा वाजवायला बसलेले अण्णा भोंगा वाजवायचाच विसरले. शर्यती सोडण्यात त्यांचे केस पिकले होते, पण शेपटाला पुढून मोजायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"बाई, काय केलंस काय नवऱ्याला?" ते म्हणाले.

"मी कशाला करते? फिन," ती म्हणाली. पण त्या दिवशी ती दिवसभर जमिनीला पाय न लावता फिरली. लोक येऊन तिला फिनाबद्दल विचारत होते आणि ती अंगठा नाचवत सांगत होती, कड अशी हवी, टोक इतकंच लवचिक हवं. शेपटाने पदकाची फीत बसच्या आरशाला बांधली. उतारू विचारायचे, मुलीची का? तो म्हणायचा, "नाही, बायकोची."

त्यानंतर वाऱ्याचे दिवस आले आणि एक गोंधळ झाला.

शर्यतीला निघायची घाई. टपालवालीचं फिनही फिनबाईच बसवत होती. टपालवाली म्हणजे पत्रं वाटणारी, सडसडीत, बोलायला तिखट बाई. साठ-बासष्ट किलोची, तिचं फिन सदतीसचं. दोन्ही फिनं एकाच रंगाची, दोन्ही पुसून एकाच टेबलावर ठेवलेली. फिनबाईने आयुष्यात पहिल्यांदा न बघता स्क्रू पिळला आणि नवऱ्याचं तिला, तिचं नवऱ्याला बसलं.

टपालवाली पहिल्या बोयापासूनच परत आली. "बाई, तुझं माझं काही वैर आहे का? फळी आहे का बेडूक? मला घेऊन उड्या मारतेय."

फिनबाईने पात्याच्या मुळाशी कोरलेला आकडा पाहिला आणि कपाळाला हात लावला. आता शेपूट घसरणार, आपटणार, चारचौघांत शोभा होणार. ती धक्क्यावर धावली. तो तिकडून येत होता. घसरत नव्हता, उडत नव्हता. काठाला लागला आणि दम खात हसला.

"हे. बघ, हे खरं माप. इतके दिवस कुठे लपवून ठेवलं होतंस?"

ती हसली नाही. सदतीस सेंटीमीटरचं फिन साठ-बासष्ट किलोच्या माणसाला मापाचं होतं.

"खोलीत चला," ती म्हणाली.

"आता कशाला? दुसरी फेरी आहे."

"दोरी बघायचीये."

साहित्यखोलीच्या वाशाला शिडाची एक जुनी आडवी दांडी टांगलेली होती. नवीन माणूस आला की त्याच्या कमरेला पट्टा बांधायचा, पट्ट्याचा हूक दांडीच्या दोरीत अडकवायचा आणि सांगायचं, मागे बसा, सगळा भार टाका. मग दोरी कुठे हवी, केवढी हवी ते नीट दिसायचं. त्यांचं लग्न जुळलं ते याच दांडीखाली. तेव्हा तो लोंबकळला की वासा असा करकरायचा, की बाहेर अण्णा ओरडायचे, "छप्पर आणशील खाली." टपालवाली लोंबकळली तर वासा गप्प राहायचा. तिला त्याचा कोण अभिमान.

शेपटाने हूक अडकवला. "टाकू भार?"

"टाका."

तो मागे बसला. ती वर बघत राहिली.

"सगळा टाका ना."

"सगळाच टाकलाय," तो म्हणाला.

बाहेर भोंगा वाजला, माणसं ओरडली, शिडं फडफडली. वासा करकरला नाही. दोघंही बराच वेळ वर बघत होती.

डॉक्टर चांगले होते. तपासण्यांचे कागद बाजूला ठेवून त्यांनी शांतपणे विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

शेपटाने बायकोकडे पाहिलं. अशा गोष्टी तिला पाठ असतात.

"चव्वेचाळीसवरून बेचाळीसवर आलो तेव्हा थंडी संपत होती," ती म्हणाली. "चाळीसवर आलो सुट्ट्यांमध्ये."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "चाळीस किलो?"

"नाही. फिन."

शेपूटच आधी हसला. मग डॉक्टरही, कारण तो हसला म्हणून. तिच्या ओठांना मात्र ते जमलं नाही.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. प्रवासी म्हणून बसायची सवय नव्हती, प्रत्येक थांब्याला त्याचा पाय ब्रेक शोधत होता.

"मी झाकलं," ती म्हणाली. "तुमची फळी बिघडली की मी मापं बदलली. पुन्हा बिघडली, पुन्हा बदलली. तुम्हाला पडू दिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं."

बस दोन वळणं गेली.

"तिसरा आलो असतो का मग?" त्याने विचारलं.

तिने त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

उपचार सुरू झाले. घराला औषधांचा वास आला, स्वयंपाकघरात निम्मं ताट उरायला लागलं. बस दुसऱ्या ड्रायव्हरकडे गेली, फीत त्याने आठवणीने घरी आणून दिली. शेपटाचं बोलणं मात्र आटलं नव्हतं.

"एकदा उतरतो पाण्यात," तो म्हणाला. "हलका वारा असेल त्या दिवशी. शर्यतीला."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"विचारलं. म्हणाले, दमलात की परत या. शीड घेईन मी पोरांचं. पण फिन? पोरांचं माझ्या फळीच्या खाचेत बसत नाही आणि टपालवालीचंसुद्धा आता मोठं होईल."

"होईल."

"मग ते चव्वेचाळीस काप."

"ते नाही कापायचं."

"नुसतं टांगून ठेवलंयस. कोण लावणार ते?"

"तुम्ही. खा, प्या, जाडे व्हा आणि लावा."

त्याने मान डोलावली आणि विषय सोडून दिला. आयुष्यभर तिच्याशी हुज्जत घालणाऱ्या माणसाने विषय सोडून द्यावा, हे तिला फार लागलं.

मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता औषधं फक्त वेदना थांबवण्यापुरती देऊ. त्या दुपारी फिनबाई साहित्यखोलीत गेली, खिळ्यावरचं चव्वेचाळीस काढलं, बारीक दातांची करवत घेतली आणि घरी आली. तो अंथरुणावर उशीला टेकून बसला होता. तिने फिन त्याच्या मांडीवर आडवं ठेवलं आणि पेन्सिलीने रेघ मारली.

त्याने दोन्ही हातांनी फिन घट्ट धरलं. "सरळ काप हं."

"तुम्ही बस चालवताना मी कधी बोलले का?"

"रोज."

करवत चालायला लागली. काळी भुकटी चादरीवर पडत होती. एरवी चादरीवर चहाचा थेंब पडला तर घर डोक्यावर घेणारी ती करवत ओढत राहिली. टोक तुटून पडलं, तेव्हा दोघांनीही त्याच्याकडे बघायचं टाळलं. मग चार दिवस बसून तिने नवीन टोक घासलं. कड घडवली, वाकवून पाहिलं, पुन्हा घासलं. इतकं मन लावून तिने तिसऱ्या नंबरासाठीसुद्धा घासलं नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी वारा जेमतेम गालाला लागत होता. शेपटाने सगळ्यांना दम दिला, "मुद्दाम कोणी मागे राहिलं तर मरेपर्यंत बोलणार नाही."

"म्हणजे फार दिवस नाही," टपालवाली म्हणाली आणि लगेच जीभ चावली. पण शेपूट इतका खळखळून हसला, की त्याला खोकला आला.

कोणी मागे राहिलं नाही. भोंगा झाला आणि सगळे जिवाच्या आकांताने पळाले. तो पोरांच्या शिडाखाली, आपल्या चालीने, पहिल्या बोयाला वळला. धक्क्यावर उभी फिनबाई शिडाकडे बघतच नव्हती. ती फळीच्या शेपटाकडे बघत होती. फळी उडाली नाही, घसरली नाही. पाण्यावर एक सरळ रेघ उमटत गेली. बाकीचे शिडं गुंडाळून काठावर उभे राहिले, तरी तो येतच होता. अण्णा भोंगा तोंडाशी धरून थांबले होते. तो रेषेवर आला तेव्हा त्यांनी पहिल्याला वाजवतात तेवढाच लांब वाजवला.

तो शेवटचा आला.

तिने पाण्यात उतरून त्याला आधी धरलं, मग फळी.

"कसं होतं?"

"मापाचं," तो म्हणाला.

ते फिन आता चव्वेचाळीसच्या खिळ्यावर टांगलेलं असतं. तिथे ते आखूड दिसतं. एवढ्या जाड मुळाचं आणि एवढं तोकडं फिन कोणाच्याच फळीला चालत नाही. दर आठवड्याला फिनबाई बाकीच्या फिनांबरोबर तेही गोड्या पाण्याने धुते, कड कोरडी करते आणि परत अडकवते.

परवा एक सुतार शिकायला आला. धिप्पाड, लाजाळू. तिने त्याच्या कमरेला पट्टा बांधला, हूक दोरीत अडकवला आणि सांगितलं, बसा मागे. तो बसला आणि वासा करकरला. सुतार दचकला, वर लाकडाकडे बघत अर्धवट उठला.

"मोडेल हो, बाई."

फिनबाईचा हात दोरीवर तसाच राहिला होता.

"नाही मोडत," ती म्हणाली. "टाका अजून भार."